डाव्या सीटवरचे सुकलालभाऊ

सुकलालभाऊंना गाडी चालवता येत नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी गाड्यांबद्दल इतकं बोलणार आहे की वाचणाऱ्याला वाटेल, हा कुणी पट्टीचा ड्रायव्हर होता. तसं काही नव्हतं. धुळ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं वह्या-पुस्तकांचं दुकान होतं. दुकान मुलाच्या हाती देऊन भाऊ मोकळे झाले आणि मोकळे झाल्यावर जे करू लागले त्याला आपल्याकडे नाव नाही. ते लोकांच्या गाडीत ड्रायव्हरच्या डावीकडे बसत. पण तेवढ्यासाठी अर्धं धुळं त्यांच्या दारात येत असे.

कुणाला आई-वडिलांना घेऊन नाशिकला दवाखान्यात जायचं असो, कुणाची वरात सुरतेकडे निघायची असो, आधी भाऊंना विचारलं जाई. भाऊ मोकळे नसले तर लोक दवाखान्याची तारीख बदलून घेत. मी स्वतः ती बदलून घेतलेली आहे. बायको म्हणाली, "डॉक्टर महत्त्वाचा की सुकलालभाऊ?" मी म्हटलं, "आधी डॉक्टरपर्यंत पोचू दे."

निघायच्या दिवशी भाऊ पांढरा पायजमा, खिशाचा सदरा घालून हातात कापडी पिशवी घेऊन फाटकापाशी उभे असत. पिशवीत शेव, तळलेल्या मिरच्या, पाण्याची बाटली आणि काच पुसायचं जुनं धोतर. गाडीत बसले की पहिल्यांदा डावीकडचा आरसा स्वतःच्या सोयीने वळवून घ्यायचे. मग पट्टा लावायचे आणि ड्रायव्हरकडे न बघता आपल्या अहिराणीत म्हणायचे, "डावी बाजू मनी, उजवी तुनी. मधलीले देव शे. चाल आते."

डावी बाजू माझी, उजवी तुझी, मधलीला देव आहे, हे ते थट्टेने म्हणत नसत. गाडी हलल्यापासून पोचेपर्यंत डावीकडून येणाऱ्या प्रत्येक सायकलीची, शेळीची, बैलगाडीची आणि शेतातून अचानक रस्त्यावर चढणाऱ्या ट्रॅक्टरची जबाबदारी त्यांची असे. "येऊ राहिना... थांब... गया. चाल." येतोय, थांब, गेला, एवढंच त्यांचं बोलणं. शिकायचं का नाही, असं कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं होतं. "चालवणारा पुष्कळ शेत. दखनारा कोठे शे?" चालवणारे पुष्कळ आहेत, बघणारा कुठे आहे, असं त्यांचं म्हणणं.

ड्रायव्हरला झोप येऊ न देण्याची त्यांची पद्धत मात्र भयंकर होती. लोक गाणी लावतात, चहा पाजतात. भाऊ भांडण काढत. आमच्या गल्लीतले दाताचे डॉक्टर एकदा दुपारी भरपेट जेवून चांदवडच्या घाटाकडे निघाले होते आणि त्यांचे डोळे मिटायला लागले. भाऊंनी शांतपणे विचारलं, "डॉक्टर, तुमच्या सासऱ्यांनी लग्नात पाहुण्यांना वरण पातळ वाढलं होतं म्हणतात, खरं का?" डॉक्टर खडबडून जागे झाले. घाट संपेपर्यंत ते सासऱ्यांची बाजू लढवत होते आणि भाऊ प्रत्येक वळणावर नवा आरोप करत होते. नाशिक आल्यावर भाऊ म्हणाले, "सासरे देवमाणूस आहेत तुमचे. चला, चहा घेऊ." डॉक्टर पुढे महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. त्यानंतर मुंबईला जायचं निघालं तेव्हा मात्र सकाळीच येऊन बोलावून गेले.

दुसरा हट्ट जेवणाचा. रस्ता ओलांडून जेवायला जायचं नाही. हॉटेल रस्त्याच्या डाव्या हाताला असेल तरच गाडी थांबेल, मग उजवीकडे कितीही चांगला वास सुटलेला असो. या नियमापायी मी महाराष्ट्रातली अतिशय वाईट मिसळ खाल्लेली आहे. तक्रार केली की भाऊ म्हणत, "पोटले कळस नहीं रे, डावी का उजवी. जीवले कळस." पण जेवून आल्यावर गाडीला प्रदक्षिणा घालून चारही टायरांना एकेक लाथ मारल्याशिवाय ते आत बसत नसत. त्या लाथेने त्यांना काय कळत असे, ते मला अजून समजलेलं नाही. मला वाटतं, त्यांनाही समजलेलं नव्हतं.

माझ्याकडे रोजच्या गाडीशिवाय वडिलांची अँबॅसिडर होती. वडील गेल्यावर बरीच वर्षं ती अंगणात ताडपत्रीखाली पडून होती, कोंबड्या तिच्यावर चढून बसत. मी निवृत्त झालो आणि मला तिची हौस आली. इंजिन खोलून झालं, पत्रा ठोकून झाला, पांढरा रंग दिला. त्यातच कुणीतरी मला जुन्या गाड्यांच्या हौशी लोकांच्या एका व्हॉट्सॅप ग्रुपात घातलं आणि निरोप आला, की जळगावच्या अलीकडे, पाळधीजवळच्या एका लिंबाच्या बागेत शनिवार-रविवार संमेलन आहे. जळगाव, धुळे, फैजपूर, अमळनेर, सगळीकडचे गाडीवाले येणार. गाड्या मांडायच्या, एकमेकांच्या बघायच्या, भरीत-भाकरी खायची आणि गप्पा मारायच्या.

मला जरा संकोच वाटत होता. तिथे पैसेवाले लोक असणार, त्यांच्या परदेशी गाड्या असणार. आपली अँबॅसिडर म्हणजे कलेक्टर ऑफिसातून सुटलेली वाटायची. भाऊंना मात्र कधी एकदा शनिवार उजाडतो असं झालं होतं. त्यांनी नवा सदरा शिवून घेतला आणि मला फक्त एक प्रश्न विचारला, "तिथं शेजारी बसणाऱ्यांची काय व्यवस्था असते?"

"कसली व्यवस्था?"

"म्हणजे गाडीवाल्यांचं संमेलन आहे. आमच्यासारख्यांना बसू देतात ना?"

मी म्हटलं, भाऊ, तुम्ही नसाल तर मी जाणार नाही. ते हसले, पण त्यांचं तेवढ्याने समाधान झालं नाही, हे मला दिसलं.

शनिवारी सकाळी निघालो. मुकटी गेलं, पारोळ्याचा वळणरस्ता गेला. गाडी मजेत चालली होती आणि भाऊंचं "येऊ राहिना... गया" चालू होतं. पण त्या दिवशी काहीतरी वेगळं होतं. भाऊ एरवी नुसती नजर फिरवत, आता मात्र ते अख्खी मान, जवळजवळ अख्खं अंग डावीकडे वळवून बघत होते. एरंडोलजवळ मी आतल्या रस्त्याला वळणार तेवढ्यात ते म्हणाले, "मोकळं शे." मी चाक फिरवलं आणि डाव्या दरवाजाला जवळजवळ घासून एक मोटरसायकल गेली. मोटरसायकलवाला मागे वळून जे बोलला ते लिहिण्यासारखं नाही.

"वाऱ्यासारखा आला मेला," भाऊ म्हणाले.

तो वाऱ्यासारखा आलेला नव्हता. त्याच्या मागे त्याची बायको आणि दोघांच्या मध्ये पिठाचा डबा होता. पण भाऊंची मान आखडली असेल, वय झालं, असं मनाशी म्हटलं आणि पुढे चाललो.

बागेत पोचलो तेव्हा पंचवीस-तीस गाड्या आधीच आल्या होत्या. हिरव्या, मरून, दुधी रंगाच्या. त्यातली सगळ्यात देखणी जळगावच्या एका सराफशेठची, उघड्या टपाची परदेशी गाडी. तिचे पुढचे दोन दिवे ताटलीएवढे मोठे आणि काचेवर बारीक नक्षी. शेठ स्वतः फडकं घेऊन ते पुसत होते. फैजपूरचे एक केळीवाले पाटील जुनी जीप घेऊन आले होते आणि जीपच्या मागे केळीचे दोन घड लटकावलेले होते. ते म्हणत, "घ्या ना भाऊ, लाजू नका. घरचेच आहेत."

मी कोपऱ्यात उभा राहून इंजिनाच्या गोष्टी ऐकत होतो. भाऊ मात्र पाचच मिनिटांत मिसळले. सगळे गाडीवाले एकमेकांना मॉडेल विचारत होते, रंग कुठून मिळवला ते विचारत होते. भाऊ प्रत्येकापाशी जाऊन वेगळाच प्रश्न विचारत होते. "डावीकडे कोण बसतं?"

शेठ म्हणाले, "बायको बसते. फोटो काढते."

"मग रस्त्याकडे कोण बघतं?"

पाटील म्हणाले, "आमच्याकडे कुत्रं बसतं हो." सगळे हसले. भाऊ हसले नाहीत. "कुत्रं चालेल," ते म्हणाले, "ते निदान बघतं तरी."

दुपारी पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजली गेली आणि केळीच्या पानांवर भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि कांद्याची पात आली. तोपर्यंत भाऊंभोवती चांगलंच कोंडाळं जमलं होतं. ते डॉक्टरांच्या सासऱ्यांची गोष्ट सांगत होते, घाटात खालून येणाऱ्या ट्रकचा अंदाज कसा घ्यायचा ते सांगत होते. लोक हातातला घास थांबवून ऐकत होते. शेठनी तर भाकरी मोडता मोडता जाहीर करून टाकलं, की पुढच्या महिन्यात सगळ्या गाड्या तोरणमाळला न्यायच्या, आणि सगळ्यात पुढे माझी गाडी, आणि माझ्या डावीकडे सुकलालभाऊ. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

भाऊंनी मान खाली घातली आणि भाकरीचा तुकडा भरतात फिरवत राहिले. ते लाजलेत असं मला वाटलं. त्यांच्यासाठी मला आनंद झाला. गल्लीत लोक कामापुरतं बोलावत, पण इथे टाळ्या वाजवून जागा दिली होती, तीही पहिल्या गाडीत.

जेवणं झाल्यावर फोटोसाठी गाड्या एका ओळीत लावायचं ठरलं. मागचं अंग कुंपणाकडे, तोंडं सगळी बाहेर. शेठची गाडी आधीच लावलेली होती. तिच्या उजव्या बाजूची जागा मला दिली. भाऊ खाली उतरले आणि माझ्या गाडीमागे जाऊन उभे राहिले. त्यांची सवय मला माहीत होती. "येऊ दे, येऊ दे" म्हणत राहायचं आणि थांबायचं असलं की डिकीवर एक थाप मारायची. ती थाप कधी चुकली नव्हती, म्हणून मी मागे वळूनसुद्धा बघत नसे.

"येऊ दे... येऊ दे... डावीकडे मोकळं शे... येऊ दे..."

थाप आलीच नाही. काच फुटल्याचा आवाज मात्र आला.

मी उतरून धावलो. माझ्या गाडीचा डावा मागचा कोपरा शेठच्या दिव्यात घुसला होता. नक्षीची काच गवतात पसरली होती. सगळे एकदम बोलायला लागले. शेठचा पुतण्या माझ्या अंगावर आला. "काका, मागे बघता येत नाही का? ही काच आता कुठेच मिळत नाही. चालवता येत नसेल तर गाडी आणायची कशाला?"

तसं पाहिलं तर तो बरोबर होता. चाक ज्याच्या हातात, चूक त्याची, हे सगळीकडे धरूनच चालतात. मागे उभं राहून हात हलवणाऱ्याला कुणी दोष देत नाही. मी हात जोडले आणि "माझंच चुकलं" म्हणायला लागलो. भाऊ गप्प राहिले असते तर तिथल्या तिथे सगळं मिटलं असतं. मला बोलणी बसली असती आणि पुढच्या महिन्यात भाऊ तोरणमाळला गेले असते.

भाऊ पुढे आले. त्यांनी पुतण्याच्या आणि माझ्या मधे हात घातला. एवढ्या जळगावच्या माणसांसमोर ते एरवी शुद्ध मराठीत बोलायचा प्रयत्न करत, तेव्हा मात्र तो प्रयत्न त्यांनी केला नाही.

"त्याले काही बोलू नका. चूक मनी शे. माले डावा डोयाघाई दिसस नहीं."

कुणाला काही कळेना. शेठनी विचारलं, "काय म्हणालात?"

"डावा डोळा गेलाय माझा," भाऊ सावकाश म्हणाले. "दिवाळीपासून. काचबिंदू. कुणाला सांगितलं नव्हतं. सकाळी एरंडोलला पण माझ्यामुळेच होणार होतं. ह्याने सांभाळलं."

मला तेव्हा काय वाटलं ते सांगतो. आधी राग आला. गेले कित्येक महिने हा माणूस लोकांच्या गाडीत बसून "डावी मनी" म्हणत होता, त्यात माझी बायको होती, नातवंडं होती. आणि लगेच दुसऱ्या क्षणी वाईट वाटलं, इतकं की तो राग टिकवणं मला जमेना. धुळ्याचे निम्मे गाडीवाले तिथे उभे होते. आपण काय बोलतो आहोत आणि उद्यापासून काय होणार आहे, हे भाऊंना सगळ्यांपेक्षा चांगलं कळत होतं.

शेठ भला माणूस. "काचेचं बघू हो, काच काय," ते म्हणाले आणि त्यांनी भाऊंना खुर्ची आणवली, पाणी दिलं. पाटलांनी केळी दिली. सगळे भाऊंशी फार चांगलं वागले. पण तोरणमाळचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

आम्ही रविवारपर्यंत थांबलो नाही. परत निघताना भाऊंनी मागचा दरवाजा उघडला. मी म्हटलं, "भाऊ, पुढे या." ते आत जाऊन बसले आणि दरवाजा ओढून घेतला. पारोळा आला. मग म्हणाले, "घरी पण सांगितलेलं नाही. बायकोला कळलं असतं तर घराबाहेर पडू दिलं नसतं."

"आता?"

"आता काय. बाहेर पडायचं कारणच गेलं."

बातमी आमच्या आधी धुळ्याला पोचली असावी. त्यानंतर भाऊंना बोलवायला कुणी आलं नाही. कुणी वाईटही बोललं नाही. लोक दुकानावर थांबून तब्येत विचारत, डोळ्यात थेंब टाकता ना म्हणून विचारत आणि निघून जात. उजव्या डोळ्याला थेंब चालू होते, तो वाचला होता. डावा मात्र परत येणार नाही, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. भाऊ दुकानात गल्ल्यामागे बसू लागले आणि मुलाला ते अडचणीचं होऊ लागलं, कारण ते गिऱ्हाइकांशी भांडण काढत.

एकदा मी मुद्दाम गेलो. म्हटलं, नाशिकला जायचं आहे, चला, पुढे बसा, डावीकडे मी बघेन. भाऊंनी वहीवरची धूळ झटकली. "हे बघ, मी बसलो की तू डावीकडे दोनदा बघणार. एकदा रस्त्यासाठी, एकदा माझ्यासाठी. मग समोर कोण बघणार?" मी नाशिकला एकटा गेलो.

पुढे बऱ्याच दिवसांनी त्यांच्या पत्नी, यमुनावहिनी, आमच्याकडे आल्या. गल्लीत राहूनही आमचं त्यांच्याशी बोलणं सणावारापुरतंच होतं. उंबऱ्यापाशी उभ्या राहूनच त्या म्हणाल्या, "चोपड्याले मना भाचानं लगीन शे. तुमनी गाडीमा आमले लई जाशात का? दोन्हीसले."

भाच्याच्या लग्नाला दोघांना घेऊन जायला मी लगेच हो म्हटलं. भाऊ कसे तयार झाले, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

हे सगळं आज लिहायचं कारण, भाऊ आता नाहीत. त्या लग्नानंतर मी मुलाकडे पुण्याला आलो आणि भाऊ गेल्याचं मला फोनवर कळलं. त्यामुळे चोपड्याची ती फेरी हीच आमची शेवटची भेट.

त्या दिवशी दोघं मागे बसली. वहिनी डाव्या खिडकीशी, भाऊ त्यांच्या उजव्या हाताला. माझ्या शेजारची सीट रिकामीच राहिली. अमळनेर आलं. मग वहिनी एकदम म्हणाल्या, "बठ्ठा गावन्या बायकापोरे लई उनात तुम्हीन सुखरूप. मी मातर एस्टीमाच." सगळ्या गावाच्या बायकापोरांना भाऊंनी सुखरूप नेलं-आणलं, त्या मात्र एसटीनेच फिरल्या, पण आवाजात तक्रार नव्हती, नुसतं आठवलं म्हणून बोलल्यासारखं होतं.

थोड्या वेळाने वहिनींचा आवाज आला. "म्हशी शेत."

भाऊ चमकले. "कोठे? रस्तावर?"

"नहीं, वावरमा."

"मग कसाले सांगस? रस्तावर जे ई राहिनं ते सांगानं."

"माले दिसस ते मी सांगस," वहिनी म्हणाल्या, आणि सांगतच राहिल्या. कपाशी फुटलेली आहे. विहिरीवर कुणी कपडे धुतंय. लाल लुगड्याची बाई पोराला मारतेय. शाळा सुटली. मी आरशात बघितलं. भाऊ समोर बघत बसले होते, कपाळाला आठी होती. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "म्हशी कितल्या व्हत्यात?"

"मोज्या नहीं. बऱ्याच व्हत्यात."

लग्न लागलं, जेवणं झाली, दिवस मावळायच्या आत परत निघालो. धुळ्यात आलो तेव्हा गल्लीच्या तोंडाशी बाजाराची गर्दी होती, म्हणून गाडी आत न नेता मी दुकानासमोर कडेला लावली. वहिनी डाव्या दरवाजाने आधी उतरल्या. भाऊ सीटवरून सरकत दरवाजापर्यंत आले आणि तिथेच थांबले. बाहेरून हॉर्न वाजत होते, सायकली जात होत्या. त्यांचा हात दरवाजाच्या कडीवर होता. मला उतरून मदत करावीशी वाटली, पण मी जागचा हललो नाही.

वहिनींनी पदर खोचला, मागे बघितलं, पुढे बघितलं, परत मागे बघितलं.

"उतरा आते," त्या म्हणाल्या. "कोन्ही नहीं शे."

भाऊंनी मान वळवली नाही, स्वतः बघायचा प्रयत्नही केला नाही. पाय बाहेर टाकला आणि उतरले.